एमिलला काहीही न देण्याबद्दल

मी, क्लेवन गिद्री, वय सव्वीस, मूळ राहणार लुइझियाना, सध्या अलास्कात डच हार्बरला खेकड्यांच्या बोटीवर कामाला, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दारू प्यायलेलो नाही. कुणी मानगूट धरलेली नाही. डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. शाळा आठवीत सुटली, तेव्हा शब्द मागेपुढे झाले असतील तर अर्थ धरावा.

कागद करण्याचं कारण असं की परवा बोट निघते. कप्तानाने फॉर्म पुढे टाकला. बुडालास तर पगार कुणाला? मी विचारलं, "रकाना रिकामा सोडला तर?"

"तर सगळ्यात जवळच्या नातेवाइकाला. आहे कोण तुला?"

"भाऊ."

"मग भावाला. प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला नाही. तिथूनच सुरू झाला. माझ्या मागे माझी कुठलीही वस्तू माझ्या भावाला मिळता कामा नये, एवढ्यासाठीच हे मृत्युपत्र आहे. पुढची कलमं त्या हिशोबाने वाचावीत.

कलम एक. घर. खाडीकाठचं खांबांवरचं घर आईने माझ्या एकट्याच्या नावावर केलं, कारण एमिल तेव्हा लग्न करून टेक्ससला गेला होता. नंतर तो एकटाच परत आला, ते असो. ते घर मी यूला मावशीला देतो. एमिल सध्या तिथे राहतो. मावशीने त्याला पाहुणा म्हणून राहू द्यावं, हवी तितकी वर्षं. पण मालक म्हणून एक दिवसही नाही, आणि कुठल्याही कागदावर त्याचं नाव घालू नये. मावशी, तुला दया येईल, मला माहीत आहे. येऊ देऊ नकोस.

कलम दोन. या हंगामाचा पगार, मिळेल तो सगळा, यूला मावशीला. हा पगार मी एमिलच्या वकिलासाठीच कमवायला आलो होतो. इथे दाढीवर बर्फ धरतो आणि हातमोज्याच्या आत बोटं सुजतात. हे सगळं ज्याच्यासाठी, त्यालाच ते देता येत नाही. हे कसं झालं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला मी भावावर उलटलो असं वाटणार नाही.

एमिल बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. होरेस लँड्री नावाच्या माणसाने आपलं इंजिन त्याच्याकडे टाकलं आणि तीन महिने फिरकला नाही. मधल्या काळात त्याने इंजिन चोरीला गेलं म्हणून विम्याचे पैसे उचलले. मग कुणीतरी ते एमिलच्या शेडमध्ये पाहिलं, आणि मी ते याला दिलंच नव्हतं म्हणून लँड्रीने सरळ हात वर केले. एमिलला चोर म्हणून उचललं. वकील करायची ऐपत नाही, म्हणून कोर्टाने गरिबांची वकील दिली. तिचं नाव मिस लोरेना पिकू.

मी तिला पहिल्यांदा कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं. धुण्याच्या कपड्यांची चाकांची टोपली असते ना, तीत फायली भरून ती ओढत होती. मला म्हणाली, "तुम्ही वेबरचे भाऊ ना?"

"गिद्रीचा. बाई, माझ्या भावाला तुम्ही वेळ किती देणार?"

"आज सात मिनिटं. त्यातलं एक तुम्ही खाल्लंत."

मी चिडलो. घरी येऊन मावशीला म्हटलं, "ही फुकटची बाई एमिलला बुडवणार."

"मग तू काय करणार आहेस, शहाण्या?"

शहाण्याने आपली बोट विकली आणि पाच आठवड्यांनी एमिलला जामिनावर सोडवलं. आमच्याकडे सगळे हेच करतात. माणूस आत असला की घरात जे विकण्यासारखं असेल ते विकून आधी त्याला बाहेर काढायचं. तो बाहेर आला त्या दिवशी मावशीने खेकडे उकडले, अर्धी आळी जेवून गेली.

पुढच्या तारखेला न्यायाधीश म्हणाले, "जामीन भरता आला, म्हणजे वकीलही करता येईल. मिस पिकू, तुम्ही मोकळ्या."

मिस पिकू म्हणाल्या, "पैसे भावाने भरलेत, महाराज. आरोपीकडे काही नाही."

"राहतात एकाच घरात ना? पुढची केस."

पुढची केस पुकारायच्या आधी त्यांनी एमिलला विचारलं, "मग आता तुमचा वकील कोण?" एमिल चार माणसांत तोंड उघडत नाही. तो नुसता उभा राहिला. मी मागच्या बाकावर होतो. ते उभं राहणं मला अजून दिसतं.

बाहेर बाई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या, पिशवीतून एक पाकीट काढलं. एमिल इंजिन हातात घेतलं की त्यावरची गिऱ्हाइकाची चिठ्ठी सोडवून भिंतीवरच्या खिळ्याला टोचतो. वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या आहेत तिथे, शेकड्यांनी. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, ही बाई गमबूट घालून शेडमध्ये गेली आणि एकेक चिठ्ठी वाचत बसली. एक सापडली: "घरघरतंय. बघून ठेव. लँड्री." त्याच्या हातची.

"हे मी कोर्टापुढे ठेवणार होते," पाकीट माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "आता मी त्याची वकील नाही."

मला कुणी विचारलं असतं तर खिळा मीच दाखवला असता. पण त्या शनिवारी मी बोटीला गिऱ्हाईक शोधत हिंडत होतो.

पैसे घेणाऱ्या एका वकिलाकडे गेलो. त्याने चिठ्ठी पाहिलीसुद्धा नाही. म्हणाला, "गुन्हा कबूल करा, थोडक्यात सुटाल. आणि फी आधी." तेवढी फी जमवायला मी उत्तरेला आलो. आता मावशीचा फोन आला की शेडला कुलूप लागलं, एमिलची कमाई बंद झाली, आणि मिस पिकूंच्या सांगण्यावरून त्याने गरिबांची वकील परत मिळावी म्हणून अर्ज केला आहे. चार फेब्रुवारीला अर्जाचा निकाल, अकरा मार्चला खटला. बाईंनी मावशीला बजावलं आहे, "त्याच्या नावावर काहीही येता कामा नये. आलं की संपलं."

म्हणून.

कलम तीन. हत्यारं. निळी पेटी, दोन जॅक आणि पान्यांचा संच यूला मावशीला. मावशीला पान्यातलं काही कळत नाही आणि तिने शिकूही नये. तिच्या अंगणात कुणी ती वापरली तर वापरू द्यावीत. निजताना मोजून आत घ्यावीत, कारण ती तिची आहेत.

कलम चार. दोन घडीच्या खुर्च्या. मिस पिकूंच्या खोलीत एकच खुर्ची आहे, आलेला माणूस उभा राहून आपलं दुःख सांगतो. मावशीने एकदा त्यांना भात आणि कोळंबीचं कालवण नेलं, तर त्या म्हणाल्या, "मला घेता येत नाही हो, नोकरी जाईल." तेव्हा खुर्च्या त्यांना देत नाही. त्यांच्या दाराबाहेर व्हरांड्यात ठेवाव्यात, आणि त्या कुणाच्याच नाहीत असं समजावं. त्यांना मी फुकटची बाई म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो, आणि हे त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं.

कलम पाच. होरेस लँड्रीला माझ्या प्रेताजवळ येऊ देऊ नये. प्रेत सापडलं नाही तर नुसत्या प्रार्थनेलाही नाही. न्यायाधीशांना मी काही ठेवत नाही. ठेवलं असतं तर त्यांनी तेही मोजलं असतं.

कलम सहा. माझा सख्खा, थोरला, एकुलता एक भाऊ एमिल गिद्री याला मी काहीही देत नाही. चुकून विसरलेलो नाही, पूर्ण विचाराने वगळलं आहे. कुठल्याही कोर्टाने विचारलं तर हे कलम दाखवावं. हा माणूस गरीब आहे आणि माझ्या मरणानेही तो श्रीमंत झालेला नाही.

काल फोनवर त्याला सांगितलं की कागद करतोय. तो हसला. "मग मला तुझी ती लाल टोपी ठेव, क्लेव. बाकी तुझ्याकडे आहे काय?"

साक्षीदार बेनिग्नो आमचा स्वयंपाकी आहे. मी इथवर वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "टोपी आण इकडे." आणली. त्याने उलटी करून पाहिली, भोकात बोट घालून पाहिलं, वास घेतला. "याला जगात कुणी काही देणार नाही. लिही, मी सही करतो."

कलम सात. टोपी एमिलला. साक्षीदाराच्या मते किंमत शून्य. ती घालून त्याने कोर्टात जावं. न्यायाधीशांनी वकील कोण विचारलं की टोपी काढावी आणि मोठ्याने म्हणावं, मिस पिकू. दोनच शब्द आहेत, एमिल. आतापासून म्हणत राहा.

वरचं सगळं माझ्या हातचं आहे. खाडाखोड दोन ठिकाणी, तीही माझीच.

सही: क्लेवन गिद्री

साक्षीदार: १) बेनिग्नो अबार्केझ, स्वयंपाकी (टोपी पाहिली) २) टोरस्टेन हाउगन, डेकवरचा कामगार

डच हार्बर, अलास्का. ११ जानेवारी २०१९