नॉर्मल आलेला आकडा

प्रिय विनू,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तुझ्या सासूबाई तुझा फोन स्पीकरवर ठेवायला लावतात, आणि हे त्यांनी ऐकायचं नाही. शिवाय मी अजून सावरलेले नाही. बोलायला गेले तर रडेन.

गेलं वर्षभर मला धाप लागते, हे तुला ठाऊक आहे. चिकूच्या वाडीतून घरापर्यंत आले की ओट्यावर टेकायचं, झोपताना उशांवर उशा. सगळ्यांचं निदान तयारच होतं. तुझे भावोजी म्हणायचे, "वजन उतरव, श्वास आपोआप येईल." मलाही पटायचं. आपण दोघी लहानपणापासून अंगाने भरलेल्या, आपल्याला धाप लागायच्या आधी लाज वाटते.

दिवाळीनंतर एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. हृदयावर ताण आला की रक्तात काहीतरी वाढतं म्हणे, ते मोजतात. आकडा नॉर्मल आला. ह्यांनी पेढे आणले! माझ्या सासूबाई म्हणाल्या, "रिपोट चांगला आला ना गो, मग नाटकं कशाला आता?" मी भाकरी अर्धी केली आणि रोज शेजारच्या सरावली गावापर्यंत चालायला लागले. जीव कंठाशी यायचा, तरी चालायचे.

गेल्या आठवड्यात रस्त्यातच बसले. पाय इतके सुजलेले की चपलेत जाईनात. डहाणूच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी तो रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, वजन जास्त असलं की हा आकडा मुळातच कमी येतो. बारीक माणसाची मर्यादा तुम्हाला लावून कसं चालेल? इको केला नाही का कोणी?" नव्हता केला. हृदयाची ती सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं, हृदय ताठरलंय आणि पाणी फुफ्फुसात साचतंय. ज्या चरबीला सगळे नावं ठेवत होते, तिनेच खरा आजार झाकून ठेवला होता! आणि मी वर्षभर स्वतःलाच शिव्या घालत बसले गं. गोळ्या सुरू झाल्यात, सूज उतरतेय. भावोजी मात्र आता येता-जाता माझे पाय बघतात.

आता पत्राचं कारण सांगते. आपल्या मनिषच्या लग्नात हॉलचा जिना चढताना तू मध्येच दोनदा थांबून निऱ्या सारख्या केल्यास. निऱ्या नीटच होत्या, विनू. मी तुझ्या मागेच होते, माझ्या निऱ्या सारख्या करत. तेव्हा तुझी युक्ती ओळखून हसू आलं होतं. आणि काल तुझा मेसेज आला, "मी पण तुझीच ती रक्ताची टेस्ट केली, नॉर्मल आली, आता काळजी नाही." वाचलं आणि लगेच कागद घेऊन बसले. बुधवारी तलासरीहून सकाळीच निघ. घरी सांग, ताई आजारी आहे, बघायला जाते. ते खोटं नाही. डॉक्टरीणबाईंकडे मी नंबर लावलाय, पण माझ्या नावाने नाही, तुझ्या.

तुझीच,
मयुराताई