दादाची सकाळ-संध्याकाळची सुई

३ फेब्रुवारी
तिसऱ्या केमोला गेलो तर नर्सबाईंचं लक्ष आधी दादाच्या डाव्या पायाकडे. सुजलेला. लगेच तपासणी — शिरेत रक्ताची गुठळी. कॅन्सरमध्ये होतं असं, म्हणाल्या. केमो झाली, आणि वर रक्त पातळ करायचं इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ, पोटावर. घरी टोचायचं मी. "शिवणकाम करता ना? मग सुईची कसली भीती?"
कापडाला रक्त येत नाही, बाई.

५ फेब्रुवारी
जमलं. दादा छताकडे बघत राहिला. तीस वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा नाही. माझ्या हातून रोज दोन निळे डाग.

१० फेब्रुवारी
नर्सबाईंचा फोन. आता प्लेटलेट घसरायचे दिवस — म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी, आणि त्यात हे औषध. "कुठूनही रक्त दिसलं, शौचाला काळी झाली, की आधी फोन, मग सुई."
दादाला रोज विचारते. रोज "काही नाही".

१३ फेब्रुवारी
बेसिनमध्ये गुलाबी थेंब. म्हणाला, दाढी करताना कापलं.
दाढी केमोने केव्हाच गेली आहे त्याची.
त्याचा सदरा तपासला — खिशात गुडघेदुखीच्या गोळ्या. जुना कंडक्टर भेटायला आला होता, तो देऊन गेला. चार दिवस घेतोय, तेव्हापासून हिरड्यांतून रक्त. फोन केला. "सुई देऊ नका. आत्ता निघा."
प्लेटलेट बावीस हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. डॉक्टरीणबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "ही गोळी आणि हे इंजेक्शन एकत्र? थोडक्यात वाचलात."
घरी येताना विचारलं, का लपवलंस?
"सांगितलं असतं तर पुढची केमो लांबली असती."

१५ फेब्रुवारी
सुई बंद. आता भीती उलट्या बाजूने — गुठळी वर सरकली, फुफ्फुसात गेली तर? इकडे आड, तिकडे विहीर. दहा टाके घालते, मशीन थांबवते, आतल्या खोलीतून त्याचा श्वास ऐकते. पुन्हा दहा टाके.

१७ फेब्रुवारी
अडतीस हजार. अर्धा डोस सुरू.

२१ फेब्रुवारी
चौसष्ट हजार. पूर्ण डोस. पायाची सूज उतरतेय. आज त्याला पोटभर बोलून घेतलं. शेवटी म्हणाला, "स्टॉप आला का? उतरू?" हसले. किती दिवसांनी.

२४ फेब्रुवारी
स्कॅनचा रिपोर्ट आला. कॅन्सरची गाठ वाढली आहे. डॉक्टरीणबाई दुसऱ्या औषधाचं सांगत होत्या. दादा म्हणाला, केमो आता नको. माझ्याकडे बघितलंही नाही.
संध्याकाळी त्याने आपणहून सदरा वर केला. "हे मात्र बंद करू नकोस. गुठळीने एकाएकी नाही जायचं मला. तुला सांगून जाईन."
टोचलं.