शेवटच्या चौकटीतलं टेबल

१२ फेब्रुवारी, सोमवार

मारून टाक म्हणाले!

रणजीत सर, आमचे एचआर मॅनेजर. चहाचा कप माझ्या चित्रांवरच ठेवला आणि म्हणाले, "मिनल, स्टोरी एक नंबर आहे. फक्त शेवटी त्या तुझ्या कानवाल्याला मारून टाक. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

तिसऱ्या पानावर कपाचा गोल डाग उठलाय.

चार मार्चपासून सेफ्टी वीक. दरवर्षी गेटजवळ तेच हेल्मेटचं पोस्टर लागतं, कुत्रं बघत नाही. म्हणून मीच म्हटलं होतं – सर, यंदा कॉमिक लावूया, मी काढते. आठ पानं. कारखान्यांचं एक शहर आहे. तिथे काही माणसांना जन्मतःच लोखंडाच्या आतलं ऐकू येतं. कुठे तडा जातोय, काय सैल होतंय. शहर त्यांना 'कानवाले' म्हणतं आणि नाल्यापलीकडे ठेवतं. ज्याला लोखंडाच्या आतलं ऐकू येतं, त्याला आपल्या पोटातलंही ऐकू येत असेल – ही भीती. मग एक कानवाला अख्खा कारखाना कोसळताना वाचवतो. आणि शेवटच्या चौकटीत शहर आणि कानवाले एका लांब टेबलावर जेवायला बसतात. बस. एवढंच मला म्हणायचंय. सोबत राहता येतं!

आणि सरांना तो मेलेला हवाय. "मग शहर चौकात त्याचा पुतळा उभारतं. बघ, काय इफेक्ट येईल!"

जिवंतपणी नाल्यापलीकडे आणि मेल्यावर चौकात!

"विचार करते सर," म्हणाले मी. तोंडावर नाही म्हणता आलं नाही. मार्चअखेर कन्फर्मेशन आहे ना माझं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला पानं दाखवली. चूक केली.

समाधानदादा इथेच चिखलीत वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. हात पुसून सगळी पानं नीट वाचली त्यानं, ते एक कबूल. मग म्हणाला, "ह्यानं कारखाना वाचवला म्हणून ह्याला टेबलावर घेतलं. आणि ज्यानं काहीच वाचवलं नाही तो? नुसता घरी बसलाय, गुडघे धरलेत त्याचे?"

"तोपण येणार ना जेवायला."

"कुठं दिसतोय? हे जेवण नाही मिने, बक्षीस आहे."

डोकंच फिरलं माझं. लहानपणापासून हेच! काळेवाडीला राहायचो तेव्हा रद्दीच्या दुकानातून आम्ही जुनी कॉमिक्स आणायचो – हाकलून दिलेल्या, शक्तीवाल्या माणसांची. त्यांत नेहमी दोन पुढारी असायचे. एक म्हणायचा, माणसांसोबत राहू. दुसरा म्हणायचा, माणसं आपल्याला कधीच सोबत घेणार नाहीत. मी पहिल्याची, दादा दुसऱ्याचा. आठवीत यावरून त्यानं माझी वेणी ओढली होती आणि मी त्याचं पुस्तक फाडलं होतं.

आज म्हणाला, "तू पदवी घेतलीस, तुला टेबल दिसतं. आम्हाला शेड दिसते."

घरात पहिली पदवी घेतली ती काय ऐकून घ्यायला? मी ताट सरकवलं. आई – "आधी भाकरी खा. मग जग सुधार."

खाल्ली. पण ते 'बक्षीस' काही पचलं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. आईनं मिक्सर लावला. बाबा बाहेरच्या खोलीत पडल्या पडल्या ओरडले, "बंद कर सोजर! बेरिंग गेलंय त्याचं."

आई म्हणाली, "चटणी होईस्तवर जाऊ दे."

चटणी झाली नाही. धूर आला. मी आणि दादा हसून हसून लोळलो.

माझे कानवाले आले कुठून, हे सरांनी विचारलं नाही ते बरं. एकोणीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसच्या बाजूला उभे राहिलेत बाबा. ठोक्यावरून सांगतात पत्रा जाड आलाय की पातळ.

बाबा माझ्याच कंपनीत आहेत. इथे लिहितानाही हात अडतोय. प्रेस शॉपला हेल्पर, कंत्राटदाराकडून. मी जुलैत लागले त्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "गेटच्या आत मी तुला वळखत न्हाई आन् तू मला. तुजं कायम होईस्तवर. हेल्परची पोरगी म्हन्लं की लोक वरून बोलायला लागतेत."

म्हणून एकाच घरातून, एकाच कंपनीत आम्ही दोन गाड्यांनी जातो. मी कंपनीच्या बसनं, ते कंत्राटदाराच्या टेम्पोत उभ्यानं. माझं हेल्मेट पांढरं, त्यांचं नारिंगी. मी वरच्या कॅन्टीनमध्ये स्टीलच्या ताटात जेवते. नारिंगी हेल्मेटवाले स्क्रॅप यार्डच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आपापला डबा खातात. मेलवर माझं नाव 'मिनल एस.' एवढंच.

नियम ऐकून मी रडले होते. आणि मग – खरं लिहू? – बरं वाटलं होतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सर पुन्हा – "मेला का गं तो?"

नाही मेला!!

२० फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी स्वतःचाच नियम मोडला!

दुपारी कॅन्टीन भरलेलं. मी आणि मोनिका – माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती – जेवत होतो. समोर रणजीत सर. मान वर केली तर दारात बाबा! नारिंगी हेल्मेट काखेत, हात ग्रीसनं माखलेले, आत बघतायत. वॉचमन म्हणाला, "काका, इकडं कुठं? तुमची शेड मागं."

ते हलले नाहीत. माझ्याकडेच बघत होते.

मोनिका म्हणाली, "तुला शोधतायत का गं ते?"

"नाही गं. पाण्याला आले असतील."

आणि ताटात बघत बसले. परत मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं.

त्यांनी असं का करावं? कन्फर्मेशनला महिना राहिलाय! संध्याकाळी मी फुगून बसले, एक शब्द बोलले नाही. तेही अर्धंच जेवून उठले.

चौकट पूर्ण केली रागारागात. लांबच लांब टेबल. एकूण एक माणसाला चेहरा दिला, कोणालाही नुसतं गोल डोकं ठेवलं नाही. दादाला दाखवण्यासाठी गुडघे धरलेला एक म्हातारा कानवालाही बसवला. सुंदर झालीये. ही चौकट मी बदलणार नाही, सरांनी काहीही करावं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी प्रेस बंद केली.

कोणालाही न विचारता लाल बटण दाबलं. हेल्परला बटणाला हात लावायची परवानगी नाही. लाइन पन्नास मिनिटं थांबली, मग दुसऱ्या पार्टची डाय चढवून चालू केली. सुपरवायझर येऊन ओरडला – "काका, डोकं फिरलं का? काय झालंय मशीनला?" बाबा म्हणाले, "आजून न्हाई झालं. व्हईल." सगळी लाइन हसली म्हणे.

घरी आले ते चपला न काढताच म्हणाले, "डाय आतून गेलीया. फुटक्या माठावानी वाजतीय."

डाय म्हणजे पत्रा दाबायचा पोलादी साचा. तो ठोक्याखाली फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. समोर ऑपरेटर असतो.

माझ्या कॉमिकमध्ये कारखाना कोसळायला लागतो आणि सगळ्यांना दिसतं कोणी धरला ते. इथे काही कोसळलंच नाही. जे झालं नाही ते दाखवणार कसं?

२४ फेब्रुवारी, शनिवार

पत्र मी टाइप केलं.

सर म्हणाले, "कंत्राटदाराला एक लेटर काढ. कामगारानं अधिकार नसताना प्रेस बंद केली, उत्पादनाचं नुकसान झालं, गेटपास रद्द करावा."

"नाव सर?"

सरांनी कागद बघितला. "साहेबराव सोनकांबळे."

माझ्या पदवीच्या कागदावर मधलं आणि शेवटचं नाव हेच आहे. सरांनी सात महिन्यांत माझं पूर्ण नाव एकदाही वाचलं नाही, आणि मीही ते वाचायची वेळ येऊ दिली नाही. टाइप केलं. स्पेलिंग तपासलं. प्रिंट काढली!

सर सही करताना म्हणाले, "ह्या लोकांना हिरो व्हायचं असतं गं."

ह्या लोकांना!! परवापर्यंत तुम्हालाच हिरो हवा होता ना सर? मेलेला?

बाबांनी गेटपास खिशातून काढून वॉचमनच्या हातात दिला. पाठ फिरवून चालत गेले. मी बसच्या खिडकीतून बघितलं. उतरले नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

तडा निघाला!!

ती डाय परत चढवण्याआधी काल उघडली मेंटेनन्सनं. तडा बोटभर लांब, आतल्या बाजूला. मोनिकानंच सांगितलं – "अजून शंभर ठोके गेले असते तर ऑपरेटर गेला असता म्हणे."

बाथरूममध्ये जाऊन तोंड दाबून हसले. मग रडले. आता बोलावतील बाबांना!

घरी सांगितलं. आईनं बाबांची कामाची पँट धुऊन वाळत घातली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

नाही बोलावलं.

नोटीस लागली – 'देखभाल विभागाच्या सतर्कतेमुळे मोठा अपघात टळला.' मेंटेनन्सच्या साहेबांना शाल आणि रोप. मीच रोप आणून ठेवलं होतं टेबलावर. टाळ्या.

सर मला म्हणाले, "आता तुझ्या कॉमिकला खरा शेवट मिळाला! कानवाल्याच्या जागी आपला इंजिनिअर काढ. टेबलबिबल ठेव हवं तर."

माझ्या बाबांचा कान कापून दुसऱ्याला लावायचा. आणि चित्र मी काढायचं!

दादाचं खरं होतं. वाचवलं तर बक्षीस असतं, हेही खोटं निघालं. वाचवलं तरी शेडच. शेडसुद्धा गेली.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं! सगळं सांगितलं!

सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले, बसले नाही. "सर, साहेबराव सोनकांबळे माझे वडील आहेत. तडा त्यांनी ऐकला. प्रेस त्यांनी थांबवली म्हणून ऑपरेटर जिवंत आहे. आणि त्यांच्या जागी मी दुसऱ्या कोणाला काढणार नाही."

सरांनी स्क्रीनवर माझं पूर्ण नाव उघडून बघितलं. मग म्हणाले, "अगं, तुझे वडील, मग तुझ्याकडे यायचं ना त्यांनी! तू वर बसतेस, माझ्यासमोर जेवतेस. एक शब्द टाकला असता तर मी तपासायला लावलं असतं. घरचं माणूस वर असताना बटण कशाला दाबायचं?"

मी म्हटलं, "तुमच्या कॅन्टीनच्या दारातून त्यांना आत येऊ दिलं असतं का सर?"

सरांनी स्क्रीनवरचं माझं नाव बंद केलं. मग म्हणाले, "गेटपासचं बघतो." कन्फर्मेशनबद्दल काहीच बोलले नाहीत. नको बोलू देत.

बसमध्ये पाठ ताठ करून बसले. ते वाक्य मनात दहा वेळा म्हटलं. किती बरोबर बोलले मी!

२९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. सरांचं म्हणणं, माझं उत्तर. हसत हसत. ते मिक्सर खोलून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आलतो की. मंगळवारी. डायचं सांगितलं तर सुपरवायझर हसला, म्हनून तुज्याकडं आलतो. तू जेवत हुतीस."

मंगळवार ते शुक्रवार. मधली सुट्टी सोडली तर दोन दिवस ते ऑपरेटरच्या शेजारी उभे होते, ठोके ऐकत.

मिक्सरची पाती पुसत म्हणाले, "जाऊ दे माय. नियम माजाच हुता."

शेवटची चौकट बदलली. टेबल तेच, माणसं तीच. दारात एक माणूस काढला, नारिंगी हेल्मेट काखेत. टेबलावरच्या एका मुलीची मान खोडून खाली ताटात वळवली. तिच्याखाली नाव लिहिलं. मधल्या नावासकट, पूर्ण.

सोमवारी हीच लावणार.