काकूला काकूचाच जबाब

१४ नोव्हेंबर २००४, रविवार, विरार

अखेर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली. जुन्यात एकच आवाज घेता यायचा, आता पहिला ऐकत त्यावर दुसरा घेता येतो. म्हणून अर्नाळ्याहून काकूला मुद्दाम बोलावलं. तिची लग्नाची गाणी सवाल-जबाबाची. वरपक्षाने टोमणा मारायचा, वधूपक्षाने तो परतवायचा. जबाब द्यायला तिची जाऊ असायची. ती वारली तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, काकू गायलीच नव्हती.

सुरुवातीलाच बांगड्यांवरून वाजलं. मी म्हटलं, माइकमध्ये आवाज येतो, काढून ठेव. "तुझे काका चांगले धडधाकट आहेत," म्हणाली. विषय संपला.

कशीबशी वरपक्षाचं गायली. मग तिच्या कानाला हेडफोन लावून म्हटलं, आता ह्यांना जबाब दे. जरा वेळ स्वतःलाच ऐकत बसली. "कोण रे ही, एवढी तोऱ्यात?" आणि असा काही जबाब हाणला की हेडफोन घसरून गळ्यात आला. हे मला आधी का नाही सुचलं?

दोन्ही एकत्र लावलं. बांगड्याही दोघींच्या वाजत होत्या, जाऊ शेजारी बसल्यासारख्या. नव्या आवृत्तीत असले आवाज पुसता येतात म्हणे. पुसू? छे.

काकूचं लक्ष भलतीकडेच. "वरपक्ष हरला रे. बरं नाही दिसत. परत लाव."

पाचच्या एसटीने जायचं होतं तिला. आता आठ वाजलेत, आणि वधूपक्ष पुन्हा चिडलाय.