कॉम्प्युटरात अडकलेली दमयंती

प्रिय सहदेवास,

मिठबावहून लवूचा, गुडघे धरून का होईना, नमस्कार. वहिनींची साखर आणि तुझा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे मी बरा, मथुरा माझ्याहून बरी (म्हणजे घरातून हाक मारली की अजून पाणंदीच्या टोकाला ऐकू येते), आणि कलमांना मोहोर चांगला आहे.

तू पाठवलेला पेनड्राइव्ह पोचला. आपलं जत्रेतलं नाटक तुझ्या मुलाने जुन्या कॅसेटवरून उतरवलं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं रे. तुला ठाऊकच आहे, माझं लग्न झालं ते मी दशावतार सोडल्यावर. मी दमयंती झालो की बायका डोळ्यांना पदर लावायच्या, हे मी मथुरेला संसारभर सांगत आलो आणि ती संसारभर हसत आली. तिने माझा एकच सूर ऐकलाय, घोरण्याचा. म्हटलं, आता पुरावा आला.

आमचा प्रितेश नोकरीला पुण्याला गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर झाकून ठेवलेला. मथुरेला समोर बसवलं, पेनड्राइव्ह लावला, तर पडद्यावर पाटी: ‘ध्वनी उपकरण सुरू करता आले नाही.’ नांदगावच्या दुरुस्तीवाल्या चंदनला फोन केला. त्याने बंद करून चालू करायला लावलं, मग आवाजाचं सॉफ्टवेअर काढून परत घालायला लावलं. पाटी तीच. (कचेरीत निदान ‘उद्या या’ तरी म्हणतात.) स्पीकरची पिन मागच्या भोकात अर्धीच जायची. खाऱ्या हवेने गंजली असेल म्हणून मी खोबरेल लावून ढकलली (हे चंदनला सांगितलेलं नाही). शेवटी मथुरा केरसुणी घेऊन मागे वाकली आणि ओरडली, “अहो, हयसर कुंभारणीन घर बांदल्यान!” कुंभारीण माशीने आवाजाच्या भोकात चिखल भरून ठेवला होता. कोणाचं बांधलेलं घर मोडू नये म्हणून मथुरेने त्याला हात लावायला साफ बंदी केली. तेव्हा कुठे चंदन म्हणतो, काका, पुढच्या बाजूलाही तसंच भोक आहे, तिथे लावा. हे आधी सांगायला त्याला काय झालं होतं!

आणि आवाज आला, सहदेवा. आधी तुझी पेटी, मग मृदंग, मध्येच कोणाचं तरी पोर रडलं, आणि मग दमयंतीचं ते वनातलं पद. मी डोळे मिटले. पेट्रोमॅक्सचा वाससुद्धा आला. मासे घेऊन आलेली यमुनाबाई टोपली उतरवायची विसरली. “लवू, तुझो आवाज इतको गोड हुतो रे?” मथुरेने नुसते डोळे पुसले. जत्रेला येच. उतरायचं आमच्याकडे.

तुझा,
लवू

ता.क. पदाच्या दुसऱ्याच ओळीला मला आठवलं, त्या जत्रेला माझा घसा बसला होता. मी नुसते ओठ हलवत होतो, पेटीमागून गात होतास तू. तेव्हा बाबा, ये, जेव, झोप, पण मथुरेसमोर गाऊ नकोस.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायला मथुरेकडे दिलं, तर तिने पत्र वाचलं. म्हणते, “तुमच्यावांगडा संसार केलंय, तुमचो आवाज माका वळखूक येवचो नाय? भावजींका कळवा, इले की गावक व्हया.” मग रडलीस कशाला, असं विचारलं.

“तुमी डोळे मिटून ओठ हलयत हुतास, म्हणान.”