तळहाताएवढी नजर

११ नोव्हें.
मादन हिप्परग्याला नेत्रशिबिर. मोतीबिंदूचे एकोणीस निघाले. माझी पाठ मोडली. परतताना शरणूचा, धाकट्या भावाचा फोन. अप्पांना, आमच्या वडिलांना, खजुरीच्या स्टँडवर मोटारसायकलचा धक्का. हाड शाबूत, कोपर सोललंय. गाडी उजवीकडून आली म्हणे. मी फोनवरच त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

१२ नोव्हें.
खजुरीला गेले. अप्पा म्हणतात, "गाडी दिसलीच न्हाई गं. एकदम अंगावरच आली." जेवताना तांब्या उजव्या हाताशीच होता, दोनदा चाचपडले.
जेवणं झाल्यावर समोर बसवलं. एक डोळा झाकून बोट बाजूने आणत गेले. हे माझं रोजचं काम. उजवा डोळा: बोट नाकासमोर आलं तरी नाही. डावा: मधोमध तेवढं दिसतं.
काचबिंदू पाच वर्षांपूर्वी मीच पकडला होता. थेंबही मीच सुरू करवले.
"थेंब रोज घालताय ना?"
"बंद केलं की. दीड वर्ष झालं."
"कामून?"
"रोज सकाळी पूजेला गळ्यातलं लिंग हातावर घेतो. लख्ख दिसायलंय. डोळ्याला काय धाड भरलीय मग?"
काचबिंदू कडेकडेने खातो, मधलं सगळ्यात शेवटी. तळहातावरचं लिंग शेवटच्या दिवसापर्यंत लख्खच दिसणार. गावोगाव हेच सांगत फिरते मी.

१३ नोव्हें.
शरणूवर ओरडले. घरात राहतोस, तुला कळलं नाही? तो शांतपणे म्हणाला, "उगादीला तूच तपासलीस की अक्का. चांगलं हाय म्हणालीस."
जुनी वही काढली. उगादी, पाडव्याचा दिवस. उजवा ६/९, किंचित कमी; डावा ६/६. अक्षर माझंच. उजव्याचं वयाचं म्हणून सोडून दिलं असणार. तक्ता वाचायला लावला, वही मिटली, पुरणाच्या होळग्या खायला बसले. थेंबांचं विचारलंही नाही, घालत असतील असं धरून चालले. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर तिला उभी सोलली असती.
अप्पांनी लिंग पाहिलं, मी तक्ता. दोघांनी मधलंच पाहिलं. पण त्यांना माहीत नव्हतं.

१८ नोव्हें.
सोलापूर. डोळ्यातला दाब उ. ३८, डा. ३४. उजवा गेलाच. डाव्याचा दाब थेंबांनी उतरला नाही तर ऑपरेशन.
अप्पांनी डॉक्टरांना विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर पहिल्यासारखं दिसंल ना?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मीच म्हणाले, "न्हाई अप्पा. गेलेलं येत न्हाई. हाय तेवढं राहील."
"आन् न्हाई राहिलं तर?"
बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. अफजलपूरची ऊसतोडीची पोरं-बायका शेजारी, कुणाची पर्वा केली नाही.

२ डिसें.
अप्पांना आळंदला माझ्याकडेच आणलंय. तीन तऱ्हेचे थेंब, घड्याळ लावून, माझ्या हाताने. तरी डा. २७. पुरेसं नाही. डॉक्टर म्हणाले, थांबलात तर वर्षभरात उरलेलं जाईल. केलं तर बहुतेक राहील; पण इतकं थोडंच उरलेलं असलं की क्वचित ऑपरेशननेच तेवढंही विझतं.
अप्पा: "शिबिरात लोकास्नी काय सांगतीस?"
"करून घ्या म्हणते."
"मग मला कामून सांगेनास?"
लोकांचे डोळे होते ते.

९ डिसें.
सकाळी पूजेला बसलेले. डोळे घट्ट मिटून लिंग नुसतं बोटांनी चाचपत होते.
"काय करायलाव?"
"सवय."
मी स्वयंपाकघरात गेले. दूध उतू गेलं.
दुपारी स्वतःच म्हणाले, करून टाकू. माझ्यासाठी म्हणाले की स्वतःसाठी, कळत नाही. शरणूला फोन केला. तो म्हणतो, तू सांगशील तसं. सगळे मी सांगेन तसं.

१६ डिसें.
सोलापूर. नातेवाइकाची सही. शरणू म्हणाला, "तू कर, तुला कळतंय." कळतंय म्हणूनच हात उचलत नव्हता. केली. नातं: मुलगी.
आत नेताना अप्पा दारात थांबले. मी बाजूला उभी. "सुमा, समोर ये." गेले. "आणखी मधी." सरकले. बराच वेळ बघत राहिले. "हं. चल," म्हणाले, ते मला नव्हे, वॉर्डबॉयला.
साडेअकराला बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, सर्जरी छान झाली. हे वाक्य मीही शेकडो जणांना ऐकवलंय. त्यातून काहीच कळत नाही, हे आज कळलं. डाव्यावरची पट्टी उद्या सकाळी आठला काढणार.
भीती वाटते. सही माझी आहे.
मघाशी अप्पा जागे झाले. "दिवस मावळला काय गं?"
अडीच वाजलेत. ऊन थेट खाटेवर पडलंय. उजवा डोळा उघडाच आहे त्यांचा.
"न्हाई अप्पा," म्हणाले, "अजून हाय."