आजारी मी नाही, अक्का

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२३ नोव्हेंबर १९९९

तीर्थस्वरूप शांतव्वा अक्का यांस रुद्रय्याचे शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे? साडूभाऊंचा खोकला बसला का? संकेश्वरात थंडी पडली असेल, तर त्यांना पहाटे मळ्यात जाऊ देऊ नका (ते ऐकत नाहीत हे माहीत आहे, पण पत्रात लिहायची रीत असते). आमच्याकडची तब्येत मात्र विचारू नका. ती विचारायला अख्खी पेठ येऊन गेली आहे.

तुमचं काळजीचं पत्र काल पोचलं. 'एका घरात दोघांना हा रोग, कुणाची दृष्ट लागली' असं तुम्ही लिहिलंय. अक्का, मला काहीही झालेलं नाही. आजारी तुमची बहीणच आहे. मला आजारी केलंय ते कोल्हापूरकरांनी. हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोन समोरच्या किराणा दुकानात आहे, आणि तिथं बोललेलं मी घरी पोचायच्या आत रंकाळ्यापर्यंत जातं.

नीलव्वाचं मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही उशाशी होताच. नंतर राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं सुरू झाली. निम्मी झाली, निम्मी राहिलीत, पुढचं येत्या सोमवारी आहे. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, इंजेक्शनं मध्येच सोडायची नाहीत, सोडली तर एवढं सोसलेलं पाण्यात. दोन, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्यात, तेव्हा घरात माणसांची वर्दळ नको. पहिली गोष्ट नीलव्वाच्या हातात. ती 'बघू' म्हणते. तुमच्या बहिणीचं 'बघू' तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीला मिक्सर आणू का विचारलं तेव्हाही 'बघू' म्हणाली होती, आणि आमच्याकडे अजून पाटा-वरवंटाच आहे.

दुसरी गोष्ट पेठेच्या हातात, म्हणजे कुणाच्याच नाही. इथं लग्नाला नाही गेलं तर एक वेळ चालतं, पण आजाऱ्याला बघायला नाही गेलं तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद. त्यामुळे सकाळी डोळे चोळत उठावं तर सोप्यात चार माणसं बसलेली. आणि तुमची बहीण पदर सावरत चुलीपाशी उभी, कारण घरी आलेल्याला चहा द्यायचा नाही तर काय करायचं? म्हणजे आजारी बाई चहा करणार आणि धडधाकट माणसं बशीत ओतून पिणार. आमचे शेजारी गणपतराव तर म्हणाले, "वैनी, साखर जरा कमी टाका, मला शुगर हाय." मग मला धीर द्यायला लागले. "काळजी करू नगासा रुद्रय्या. आमच्या साडूला बी ह्योच आजार झालता." मी आशेनं विचारलं, मग? तर म्हणाले, "गेला की." जाता जाता ताकदीसाठी मटणाचा पांढरा रस्सा पाजायचा सल्ला दिला. आम्ही लिंगवंत आहोत हे त्यांना जन्मापासून ठाऊक आहे, पण म्हणाले, "औषध म्हणून घ्याला काय हुतंय?"

शेवटी मीच तोड काढली. पेशंट घरात, भेट माझ्या पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या दारात खुर्ची टाकली आणि येईल त्याला तिथंच बसवून घ्यायला लागलो. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? पण गावाकडून येणाऱ्या पावण्यांना एवढंच कळलेलं, की रुद्रय्याच्या घरात कॅन्सर शिरलाय. ते येऊन बघतात तर दारात खुर्चीवर एक माणूस, अंगावर पीठ उडून पांढराफटक, डोक्यावर एक केस नाही. (माझं टक्कल वीस वर्षांचं आहे. तुम्ही लग्नात जे केस बघितले ते शेवटचेच होते.) कागलच्या एका पावण्यानं माझ्या डोक्याकडे बघून डोळे पुसले आणि म्हणाला, "औषधानं समदं गेलं व्हय?" मी नाही म्हणालो. तो शेजारच्याला म्हणाला, "त्येला अजून सांगिटलेलं दिसत न्हाय."

तिथून सगळं हाताबाहेर गेलं. मी जितकं ठणठणीत आहे म्हणावं तितके लोक हळहळायला लागले. शहाळी माझ्यासमोर फोडतात आणि संपेपर्यंत उठत नाहीत. एका मावशींनी गव्हांकुराचा रस आणला. मी आयुष्यभर गहू दळला, पण तो हिरवा करून कुणी पाजेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी खरोखरच आजारी पडलो.

तावातावानं घरी जाऊन नीलव्वाला हे सांगितलं, तर ती हसली. अक्का, ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. म्हणून चार दिवस मी गप्प राहिलो.

मग परवा मागल्या दारी शेजारची तानाबाई आली. (लांब, पायरीवर बसली होती. तेवढी शिस्त मी लावली आहे.) मी आत भाकरी थापत होतो. हल्ली स्वयंपाक मीच करतो, आणि जमायला लागलाय असा माझा समज होता, कारण नीलव्वा ताटात काही टाकत नाही. तानाबाईनं विचारलं, "मालकांचं कसं हाय?" मला वाटलं, आता ही खरं काय ते सांगेल. तर तुमची बहीण शांतपणे म्हणाली, "रात्रभर जागं असत्यात. मला कळू नये म्हणून झोपल्याचं सोंग करत्यात. तोंड समदं आलंय, भाकरी गिळत न्हाय. पर करून घाटल्याली टाकली तर मला वाईट वाटंल म्हणून पाण्यासंगं ढकलत्यात."

मी रोज तिला विचारतो, कसं वाटतंय. ती रोज म्हणते, बरं आहे. डॉक्टरांनाही तेच सांगते. आणि तानाबाईपाशी माझ्या नावावर स्वतःचं सगळं खरं बोलत होती. पुढं म्हणाली, "म्होरल्या इंजेक्शनाला त्येनी जायाचं न्हाईत. बोललं न्हाईत, पर मला कळतंय." तानाबाई म्हणाली, "का वो?" आणि त्याच वेळी मी आमटीसाठी लावलेल्या कुकरची शिट्टी झाली. शिट्टी थांबली तेव्हा तानाबाई पदरानं डोळे टिपत होती आणि का ते सांगून झालं होतं. तानाबाईला विचारायची सोय नाही. तिच्या लेखी आता मीही पेशंट, मग माझंच कारण मी तिला काय विचारू?

तर अक्का, मी ठीक आहे. तुम्ही पाव्हण्यांची जीप भरून इकडे येऊ नये, हे कळवायलाच हे पत्र. साडूभाऊंना नमस्कार.

आपला,
रुद्रय्या

ता. क. जीप नको, पण तुम्ही या. एकट्या या, आणि सोमवारच्या आत या. येताना शहाळं आणा आणि ते माझ्या हातात द्या. जमलं तर मला बघून थोडं रडा, तानाबाईचं लक्ष असतं.

ता. क. दुसरा. मग नीलव्वाजवळ बसा. तिची तब्येत विचारू नका, 'बघू' म्हणेल. माझी विचारा. रुद्रय्या इंजेक्शनाला का जात नाही, कशाला भितोय, ते विचारा. ती सांगेल ते सगळं ऐकून घ्या, मी त्या वेळी गिरणी चालू ठेवीन. आणि शेवटी तिला एवढं म्हणा, की त्याला सांग बाई, जा म्हणून. मागं राहणाऱ्या माणसाला एकट्यानं राहता येत नाही.